ऑपरेशननंतर हलकं खा म्हणतात, पण म्हणजे नक्की काय खायचं

ऑपरेशन होऊन घरी आलं की जो येतो तो सांगतो हलकं खा, पण हलकं म्हणजे काय ते कोणीच धड सांगत नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पहिले चार दिवस भाताचं पाणी, चहा-बिस्किट आणि सफरचंदाच्या दोन-तीन फोडी यावर काढले आणि वर समजत होतो की काय मस्त पथ्य पाळतोय आपण. पाचव्या दिवशी बाथरूमपर्यंत जाताना पाय लटपटायला लागले. डॉक्टरांना खाण्याची यादी सांगितली तर ते म्हणाले, अहो यात जखम भरायचं सामान कुठंय?

तर हलकं म्हणजे पचायला सोपं. पाणचट नव्हे. जखम भरायला शरीराला प्रोटीन नेहमीपेक्षा जास्त लागतं, साधारण वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. आता एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास, एक कप दुधात 6-7 ग्रॅम, त्यामुळे चहा-बिस्किटावर हा हिशोब जन्मात जमत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र हे आकडे विसरा आणि तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि हो, आधी डिस्चार्जचा कागद नीट वाचा. आतड्याचं ऑपरेशन असेल तर आधी पातळ, मग मऊ असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं आणि सालं-बिया-कच्च्या भाज्या काही आठवडे बंदही असू शकतात, पित्ताशय काढलं असेल तर सुरुवातीला तेलकट खाऊन पोट बिघडू शकतं. मी जे लिहितोय ते डॉक्टरांनी ‘आता नेहमीचं खा’ म्हटल्यावरचं आहे.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे भूकच लागत नाही. भुकेची वाट बघत बसलात तर दिवस असाच जातो. मी मोबाईलवर दर अडीच तासांनी अलार्म लावला, वाजला की अर्धी वाटी खायची, मन असो नसो. ताट भरून समोर आलं की बघूनच पोट भरतं, वाटीची भीती वाटत नाही. आणि वाटीतलं प्रोटीन आधी संपवायचं, अंडं, डाळ, दही, मासा, चिकन जे काय चालत असेल ते, भात-बटाटा नंतर, कारण चार घासात कंटाळा येणारच आहे तर ते चार घास तरी कामाचे जाऊ देत.

माझी रोजची वाटी सांगतो. तांदूळ आणि डाळ एकत्र, पाणी जास्त घालून, अगदी विरघळेपर्यंत शिजवायचं, मग गॅस बारीक करून त्यात एक फेटलेलं अंडं हळूहळू धार धरून ओतायचं आणि चमचा फिरवत राहायचं, दोन-तीन मिनिटांत पांढरे-पिवळे धागे दिसतात आणि अंडं पूर्ण शिजतं (कच्चं नको, या दिवसांत पोट बिघडणं परवडत नाही). चावायचे कष्ट नाहीत. अंडं खात नसाल तर डाळ वाढवा आणि वर दही घ्या. कुस्करलेल्या बटाट्यात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे घातली तरी 5 ग्रॅम प्रोटीन वाढतं आणि चवीत फारसं कळत नाही. मळमळत असेल तर गरम जेवण दूर ठेवा, वासानेच उलटी येते, त्यापेक्षा गार दही आणि केळं खाली उतरतं.

आता संडासचा विषय, जो भेटायला आलेल्यांसमोर कोणी काढत नाही पण तिसऱ्या दिवशी डोक्यात दुसरं काहीच नसतं. भुलीचं औषध, पडून राहणं, कमी पाणी आणि ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारख्या वेदनेच्या गोळ्या, सगळे मिळून आतडं सुस्त करतात, लोहाच्या गोळ्या असतील तर अजूनच. पोटाला टाके असताना जोर करणं म्हणजे काय ते मी अनुभवलंय, पोटाशी उशी धरून बसलो होतो. त्यामुळे तुंबायची वाट बघू नका. भिजवलेले मनुके किंवा सुके आलुबुखार, किवी, पेअर, ओट्स हे पहिल्यापासून थोडं थोडं घ्या, पण पाण्याशिवाय नुसता चोथा वाढवला तर उलट जास्त घट्ट होतं, तेव्हा लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या, घरातल्या घरात चाला, आणि मल मऊ करणारं औषध लागेल का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

व्हिटॅमिन सी पण हवं, जखमेच्या जागी नवीन कोलॅजन (कातडी-स्नायूंना धरून ठेवणारं प्रोटीन) तयार व्हायला ते लागतं, पण त्यासाठी गोळ्याच घ्यायला पाहिजेत असं नाही, रोज एक पेरू किंवा एक-दोन संत्री पुरतात. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर दूध-दही त्या गोळीच्या दोन तास तरी लांब. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) घेत असाल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका, रोज साधारण सारख्याच ठेवा. डायबेटिस असेल तर ‘ताकद येईल’ म्हणून कोणी ज्यूसचे ग्लास आणून दिले तरी नको म्हणा, साखर वाढली की जखम भरायला वेळ लागतो.

पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, पोट फुगून गॅसही सरत नसेल, ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा जखमेतून पू येत असेल तर वाटी बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

ज्यांची तारीख अजून यायची आहे त्यांनी डाळीचं सूप एकेका वाटीच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवून द्या, आणि घरी आल्यावर लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. मी सगळं खालच्या कप्प्यात ठेवलं होतं, वाकताच येईना. दूध पावडरची बरणी तर इतकी घट्ट लावलेली की उघडताना टाक्यांना कळ आली आणि मी ती तशीच ठेवून परत जाऊन झोपलो. झाकणं सैल ठेवा.