प्रोसेसरची खरी ओळख पटली तेव्हा

सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स नीट चालत होते. परंतु मराठी बोलण्याचे लेखी रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी सूचना) असा संदेश देऊन बंद पडे. मेमरीवर संशय घेऊन मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या, याची आजही खंत वाटते. खोक्यावरच्या स्टिकरवर केवळ ‘आय ५’ असे लिहिले होते, आणि त्यावरून प्रोसेसरची पिढी कळत नाही.

अखेर टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली. ही आज्ञा स्टिकरवर विसंबत नाही. प्रोसेसर त्याची ओळख विचारणाऱ्या सीपीयूआयडी या सूचनेला जे उत्तर देतो, त्यावर आधारलेली माहिती ती दाखवते. मॉडेल निघाले आय ५-३४७०, म्हणजे २०१२ सालचा, आयव्ही ब्रिज पिढीचा, चार कोअरचा प्रोसेसर. प्रोसेसरच्या क्षमता सांगणाऱ्या ‘फ्लॅग्ज’च्या लांबलचक ओळीत एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच) होते, पण त्यापुढचे एव्हीएक्स२ नव्हते, कारण इंटेलने ते २०१३ मध्ये हॅसवेल पिढीपासून दिले. तयार मिळालेला प्रोग्रॅम नेमका एव्हीएक्स२ गृहीत धरून बांधलेला होता. मूळ कोड उतरवून घेऊन कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचे ते कंपायलरला सांगणाऱ्या ‘मार्च’ या पर्यायाला ‘नेटिव्ह’ (म्हणजे याच यंत्रासाठी) ही किंमत देत तो याच यंत्रावर पुन्हा कंपाइल केला, आणि तेव्हापासून तो विनातक्रार चालतो आहे, अर्थात थोडा सावकाश.