जुन्या पीसीचे यूएसबी पोर्ट बंद पडलेत? मदरबोर्ड बदलायच्या आधी हे करून बघा

आमच्या मामांचा पीसी २०१२ चा, इंटेलच्या एच ६१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड आणि त्यावर आय ३ प्रोसेसर. कुडाळला घरात खिडकीजवळ असतो, त्यावर सातबारा काढायचा, लाइट बिल भरायचं आणि भजनी मंडळाच्या पावत्या छापायच्या, एवढंच काम. गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला, "अरे, माऊस मधीच बंद पडता रे, आनी आता तर पीसी चालू केल्यार काय ता इंग्लिशीत येता आनी आपसूक बंद होता." दुकानात नेला तर डबा न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड गेला, नवीन पीसी घ्या. मदरबोर्ड काही गेला नव्हता. काय निघालं ते पुढे सांगतोच, पण असले फोन मला वरचेवर येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात आधी हे बघा की नक्की किती पोर्ट मेलेत. एकच, पुढचे दोन, फक्त निळे (म्हणजे यूएसबी ३ चे), की सगळेच? आणि ते विंडोजमध्येच मेलेत की त्याच्या आधीपासून? याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं, लोक मात्र आधी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसतात.

पेनड्राइव्ह चालत नाही म्हणजे पोर्ट गेला असं नसतं हं. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या पीसीत लावा, आणि त्याच पोर्टात ऑप्टिकल माऊस लावा. माऊसखालचा लाल दिवा लागला पण बाण हलत नाही, म्हणजे पोर्टात ५ व्होल्ट येतायत, गडबड डेटाच्या वायरीत नाहीतर ड्रायव्हरमध्ये आहे. दिवाच लागला नाही तर करंटच येत नाहीये. मोबाइल जोडून बघत असाल तर केबल बदलून बघा, स्वस्त केबलींमध्ये कितीदा फक्त चार्जिंगच्या दोन वायरी असतात, डेटाच्या नसतातच, फोन चार्ज होतो आणि पीसीला त्याचा पत्ता नसतो.

मग पीसी पूर्ण मोकळा करा, पहिला उपाय हाच. शटडाउन करून भागत नाही, कारण बटण बंद असलं तरी एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आतला पॉवर सप्लाय, बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय करंट देतच असतो आणि पोर्ट सांभाळणारा यूएसबी कंट्रोलर अडकला असेल तर तसाच अडकून राहतो. सगळी यूएसबी उपकरणं काढा, भिंतीवरचा स्विच बंद करा, यूपीएस असेल तर मागची पॉवर केबलच उपसून काढा, आणि मग पीसीचं बटण ३० सेकंद दाबून धरा. परत वायर लावा, फक्त कीबोर्ड आणि माऊस जोडून चालू करा. हसू नका, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

नाही झालं तर चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहा आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे यूएसबी कीबोर्ड चालतोय? मग पोर्ट, बोर्ड सगळं ठणठणीत आहे, दोष विंडोजचा. तिथेही चालत नसेल तर मागे जांभळा गोल पोर्ट असेल त्यात जुना पीएस २ कीबोर्ड लावा (घरात एखादा पडलेला असतोच, टाकू नका) आणि बायोसमध्ये यूएसबी कंट्रोलर, लेगसी यूएसबी सपोर्ट हे डिसेबल तर नाही ना ते बघा. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, संपला असेल तर दर वेळी बायोसची सेटिंग उडतात, तारीख मागे जात असेल तर आधी तो बदला.

दोष विंडोजचा असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, खाली युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स दिसेल. तिथे पिवळा त्रिकोण आहे का बघा. जितके यूएसबी रूट हब (पोर्टांच्या गटाची नोंद) आहेत ते एकेक करून अनइन्स्टॉल करायचे आणि पीसी रीस्टार्ट करायचा, विंडोज आपोआप परत टाकतं. पण थांबा, ज्या हबवर माऊस आहे तोच उडवलात की माऊस जागीच मरतो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता, माझं झालंय. अशा वेळी पीसीचं बटण एकदाच हलकं दाबा, दाबून धरू नका, तो नीट शटडाउन होतो. मात्र विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात शटडाउन केलं तरी ड्रायव्हर पुरते नव्याने लोड होत नाहीत, म्हणून जमेल तिथे रीस्टार्टच करा.

पोर्ट थोडा वेळ चालून मग झोपत असेल तर त्याच रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटला जा आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या अशा अर्थाची टिक आहे ती काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असतं, तेही डिसेबल करा.

फक्त निळे पोर्ट बंद आणि काळे चालू, असं असेल तर वेगळंच. एच ६१ मध्ये मुळात यूएसबी ३ नाहीच, इंटेलने ते चिपसेटमध्ये दिलं २०१२ च्या ७ सिरीजपासून, त्यामुळे अशा बोर्डावर निळे पोर्ट दिसले तर ते वेगळ्या कंपनीच्या छोट्या चिपवर चालतात. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर येतच नाही, विंडोज ७ नव्याने टाकलं की निळे पोर्ट मुके. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या, आपोआप सगळे ड्रायव्हर टाकून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं नकोत.

आणि एक गंमत सेकंडहँड पीसीची. माऊस चालतो, प्रिंटर चालतो, पेनड्राइव्ह मात्र कुठल्याच पोर्टात दिसत नाही. पीसी एखाद्या ऑफिसातून आलेला असेल तर तिथल्या आयटीवाल्याने मुद्दाम पेनड्राइव्ह बंद केलेला असू शकतो. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंगची यादी) लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस असं जात यूएसबीस्टोर (USBSTOR) उघडा, तिथे स्टार्टची किंमत ४ असेल तर ३ करा आणि रीस्टार्ट मारा. सध्याच्या ऑफिसच्या पीसीवर हे करू नका, नोकरी जाईल.

आता डबा उघडायची वेळ. पॉवर केबल काढूनच. पुढचे दोनच पोर्ट मेले असतील तर त्यांची वायर बोर्डावर जिथे बसते तो ९ पिनांचा कनेक्टर बघा, साफसफाई करताना किंवा रॅम बदलताना तो हमखास सैल होतो. जवळच ऑडिओचा अगदी तसाच दिसणारा कनेक्टर असतो पण त्यात गाळलेली पिन वेगळ्या जागी असते, म्हणून बसत नसेल तर जोर लावू नका. कोकणात खारी हवा आणि पावसाळ्याची ओल, त्यामुळे पोर्टाच्या आत हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या, हलक्या हाताने घासा आणि पूर्ण वाळू द्या. सेफ्टी पिन आत घालायची नाही, पेट्रोल तर नाहीच नाही.

मामांच्या पीसीवर येणारी ओळ होती यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड, आणि पुढे १५ सेकंदांत बंद होतोय अशी सूचना. म्हणजे कुठल्या तरी पोर्टात शॉर्ट आहे आणि बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतोय. सगळी उपकरणं काढली तरी तेच. मग मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या पोर्टात डोकावलो. डावीकडच्या पोर्टात पिना ज्या प्लास्टिकच्या जिभेवर असतात ती जीभच तुटलेली, आणि दोन पिना वाकून वरच्या पत्र्याला टेकलेल्या. त्या पोर्टात लावलेला पेनड्राइव्ह वर्षभर पाय लागून लागून वाकडा होत होता, मामांना माहीत होतं. डबा उघडला, पुढच्या पोर्टांची वायर बोर्डावरून उपसली, चालू केला, विंडोज सुरू. पाच मिनिटं लागली असतील, त्यातली चार स्क्रू शोधण्यात.

मागचे पोर्टही खरोखरच गेले असतील, कुठेच दिवा लागत नसेल, तरी पीसी टाकू नका. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट (जादा कार्ड बसवायची खाच) रिकामा असेल तर यूएसबीचं कार्ड मिळतं ते लावा, काही कार्डांना एसएमपीएसची वेगळी वायर जोडावी लागते तेवढं बघून घ्या. बाहेरची हार्ड डिस्क टकटक करत असेल आणि दिसत नसेल तर पोर्ट गेलाय असं लगेच धरू नका, यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतो, यूएसबी ३ चा ९००, तिथे स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब घ्या.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, नाहीतर नवीन कार्डही जाईल. मामांकडे तेही नव्हतं. आता केलंय, आणि पुढच्या दोन्ही पोर्टांवर मी काळी टेप मारून आलोय, पण परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं तर टेपचं एक टोक उचकटलेलं होतं.