आईला घेऊन गणपतीला गावी जाताना इन्सुलिनची तयारी

गणपतीला आठ-दहा दिवस राहिले की आमच्याकडे दोन याद्या निघतात, एक पूजेची आणि एक आईच्या इन्सुलिनची. दुसरी गेल्या वर्षीपासून मी स्वतः करते, कारण गेल्या वर्षी आईने गाडीत साडेसातला इन्सुलिन घेतलं, आठला कुडाळला उतरून घरी जेवायचं असा हिशोब होता, आणि क्रॉसिंगसाठी गाडी मध्येच एका स्टेशनात दीड तास उभी राहिली. आई घामाने भिजली, उगाच चिडायला लागली, मला वाटलं गर्दीने झालं असेल. शुगर बघायचं मशीन काढलं तर 54, म्हणजे इन्सुलिन गेलं पण जेवण नाही, म्हणून शुगर फार खाली गेलेली. समोरच्या बाईंनी पिशवीतून साखर दिली म्हणून निभावलं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून पहिली गोष्ट, प्रवासात जेवणाचा डबा हातात आल्याशिवाय सुई नाही. आईचं 30/70 म्हणजे दोन प्रकारचं मिसळलेलं इन्सुलिन आहे, ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, काहींचं ताटावर बसतानाच घ्यायचं असतं, तुमचं कोणतं ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. पण जेवण कधी मिळेल याची खात्री नसताना घड्याळ बघून इन्सुलिन घेऊ नका.

साखर सगळ्यांकडे ठेवायची, म्हणजे माझ्या पर्समध्ये, आईच्या पिशवीत, भावाच्या खिशात, ग्लुकोजच्या पुड्या नाहीतर साधी साखर. शुगर 70 च्या खाली गेली की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी परत चेक, अजून कमी असेल तर परत तेवढीच, आणि वर आली की पोळी किंवा बिस्किटं. लाडू, चॉकलेट घाईच्या वेळी कामाचे नाहीत, तुपाने साखर हळू चढते. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, घशात अडकेल, सरळ 108 लावायचा. हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवलंय.

इन्सुलिन आणि मशीन दोन्ही हातातल्या बॅगेत, सीटखालच्या मोठ्या बॅगेत नाही. इन्सुलिनची न उघडलेली पेनं (इन्सुलिन भरलेली, सुई लावून टोचायची) बर्फाच्या पॅकबरोबर न्यायची तर पॅक आधी नॅपकिनमध्ये गुंडाळा, पेन थेट पॅकला चिकटलं की गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी फेकूनच द्यायचं. चालू पेनाला फ्रिज लागत नाही, 30 डिग्रीच्या आत आमचं चार आठवडे चालतं, मी पेनावर उघडल्याची तारीख पट्टी चिकटवून लिहिते. गावी लाईट गेली की फ्रिजचा भरवसा नाही, त्यामुळे काकूंना आधीच फोन करून माठ धुवून ठेवायला सांगितलाय, पेनं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि डबा माठाच्या गारव्यात, पाणी आत जाता कामा नये.

पेनं मोजून दुप्पट घेतलीत, कारण गावच्या मेडिकलमध्ये आपलं पेन मिळेलच असं नाही, बाटली मिळते. आणि इथे खरंच सांभाळा, आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या एका एमएलला 40 युनिटच्या, लाल टोपीची सिरिंज त्यासाठीच असते, पेनातलं मात्र 100 चं असतं. पेनातलं औषध त्या लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर डोस अडीच पट जातो, गडबडीत हे लक्षात येत नाही.

हरतालिकेच्या उपासाचं डॉक्टरांशी आत्ताच बोललेय. आई म्हणते एवढी वर्षं केलंय, मी वाद घातला नाही, तिला सोबत नेलं आणि त्यांच्याकडूनच ऐकू दिलं. आपण मनाने डोस कमी करायचा नाही आणि बंद तर अजिबात नाही.

मोदक मी तोडत नाही, एक खायचा आणि त्या जेवणात भात कमी. गूळ आहे म्हणून चालतो असं वहिनी दरवर्षी म्हणतात, गुळानेही शुगर तेवढीच वाढते. आणि मोदक वळलेल्या हाताने चेक केलं तर मशीन भलताच आकडा दाखवतं, आधी साबणाने हात धुवून कोरडे करायचे.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोपण लावून, कारण सकाळी अंगण झाडणारी माणसं आपलीच असतात.

शेवटचं, इन्सुलिन देता येणारं माझ्याशिवाय अजून एक माणूस हवं. गेल्या वर्षी चुलतभावाला शिकवलं, सुई नवी, ढगाळ औषध हातात हलकं घोळवून एकसारखं करायचं, दोन युनिट हवेत सोडून बघायचे, पोटावर बेंबीपासून दोन बोटं लांब, रोज जागा थोडी बदलून, आणि बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता. आता आई गावी असली की त्याच्याकडूनच घेते.