"माले घर जानं शे" म्हणणाऱ्या माणसाला कसं सांभाळावं

सासूबाईंना अल्झायमर होऊन सहा वर्षं झाली. दिवस कलला की त्या पिशवी भरतात आणि अहिराणीत म्हणतात, "माले घर जानं शे," म्हणजे मला घरी जायचं आहे. आधी मी समजावत बसायचे, "आई, हेच तुमचं घर." त्या रडायच्या.

आता वाद घालत नाही. विचारते, "जाऊत ना. तठे कोन कोन शे?" मग त्यांची माय, चूल, खापरावरचे मांडे असं सगळं निघतं. बोलता बोलता हातात भुईमुगाच्या शेंगा द्यायच्या. हात कामाला लागले की जीव शांत होतो. दिवे अंधार पडायच्या आधीच लावा. सावल्यांना त्या घाबरतात. एका वेळी एकच प्रश्न, तोही हळू. "ओळखलं का मला?" हे पाहुण्यांना विचारू देऊ नका, फार लागतं ते.

दाराची कडी वर, नजरेच्या बाहेर. फोन नंबरची चिठ्ठी पोलक्याच्या आत शिवलेली.

आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, आणि तहान त्या सांगत नाहीत. तासातासाला पाणी, ताक. एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर आजारावर ढकलू नका, डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग किंवा पाण्याची कमतरता असू शकते.

आणि तुम्ही? मी नणंदेला स्पष्ट सांगितलं, आठवड्यातल्या दोन दुपारी तुमच्या. त्या वेळात मी झोपते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही फ्रिजवर लिहून ठेवली आहे.