मॉर्गन डॉलर ओळखताना: खूण ठशातली की नंतरची?

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच नाणेप्रदर्शनात मी 1881 सालचा एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं, जादा पैसे मोजून घेतला. सालाचे आकडे दुहेरी दिसत होते आणि विकणाराही दुर्मीळ प्रकार असल्याचं सांगत होता. तो दुहेरीपणा मुळात ठशात, म्हणजे नाणं छापणाऱ्या पोलादी साच्यात, नव्हताच, हे कळायला मला दोन महिने लागले. छापताना ठसा जरासा हलला की धातू बाजूला घासला जातो आणि अक्षराला पायरीसारखी सपाट कड येते. अशी नाणी ढिगाने सापडतात.

तेव्हापासून नाण्यावर कुठलीही खूण दिसली की मी आधी एकच विचारते: ही ठशात होती की नाण्यावर नंतर आली? नवीन शिकणाऱ्याने सगळ्यात आधी हाच प्रश्न अंगवळणी पाडावा.

या डॉलरचे इतके प्रकार का, याचं उत्तर टांकसाळीच्या कामात आहे. ही नाणी 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडली गेली. पोलादी ठशावर चित्र उमटवायला एकाहून जास्त वेळा दाब द्यावा लागे. दुसऱ्या वेळी ठसा किंचित फिरला तर त्याच्यातच दुहेरी रेषा उमटे. साल आणि नाणं कुठे पाडलं ते सांगणारं टांकसाळीचं अक्षर तर प्रत्येक ठशात वेगळं, हाताने ठोकत. म्हणून अक्षर कधी तिरकं असतं, कधी आकडा सरकलेला असतो. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस यांनी या ठशांची पुढची-मागची जोडी धरून नोंद केली. त्यांच्या आडनावांवरूनच या प्रकारांना ‘व्हॅम’ म्हणतात.

दहापट भिंग आणि एका बाजूने पडणारा दिवा एवढं पुरतं. नाणं काठाला धरून उजेडात सावकाश फिरवायचं. ठशातली दुहेरी रेषा गोलसर, उठावदार असते आणि अक्षराच्या टोकाला फट पडलेली दिसते. 1888 सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या ‘हॉट लिप्स’ प्रकारात तर पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीचे, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचे, ओठ, नाक, हनुवटी नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतात. नाणं मात्र कधीही घासू-पुसू नका. लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत पडते ती कायमची.

सुरुवातीला एकच साल, एकच टांकसाळ धरा. मी 1879 ची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी धरली. मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली ‘एस’ असतो. त्या वर्षीच्या बहुतेक नाण्यांवर गरुडाची छाती फुगीर आहे आणि त्याच्या पंजातल्या बाणांचं सगळ्यात वरचं पीस तिरकं आहे. पण काही नाण्यांना मागच्या बाजूला 1878 चा जुना नमुना वापरला गेला. त्यात छाती सपाट आणि ते पीस खालच्या पिसांना समांतर. शेकडो नाणी पाहिल्यावर साध्या भावाच्या ट्रेमध्ये मला असं एक सापडलं. हात थरथरत होते, तरी आधी वजन केलं: 26.73 ग्रॅमच्या जवळ असायला हवं. मग चुंबक लावून पाहिला, कारण चांदी चिकटत नाही. या दोन्ही कसोट्या पार करणारी बनावट नाणीही असतात, म्हणून ठशाच्या खुणा पाहणं टळत नाही.

1893 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरबाबत हे फार महत्त्वाचं. तो फक्त 1,00,000 पाडला गेला, त्यामुळे दुसऱ्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून फसवणूक होते. खऱ्या सगळ्या नाण्यांची पुढची बाजू एकाच ठशातली आहे, आणि मुकुटपट्टीवरच्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या वरच्या भागात एक बारीक तिरकी उठावाची रेष असते. ठशातला तो ओरखडाच खरेपणाची साक्ष देतो.

छापलेल्या संख्येवरून दुर्मीळपणा ठरवू नका. 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून जास्त डॉलर वितळवले गेले. कुठल्या सालाचे किती गेले, याचा हिशोबच ठेवला नाही. त्यातली जवळपास 26 कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनमार्फत भारतासाठी होती. पहिल्या महायुद्धात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि टांकसाळींना चांदी पुरत नव्हती. आजीच्या डब्यातला 1918 चा एक रुपया माझ्याकडे आहे, त्यावर मुंबई टांकसाळीचा बारीक ठिपका आहे. सपाट छातीच्या गरुडाचा तो डॉलर मी त्याच्याच शेजारी ठेवला आहे.