सोलापुरातच प्रवासाची हौस भागवा

फिरायची हौस दांडगी, पण रजा नाही? बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांनी सोलापुरात स्थापन केलेली 68 शिवलिंगं एकेक करून पाहा.

1. रविवारी एकच लिंग निवडा.
2. गाडी घरी ठेवा, मोबाइलचा नकाशाही नको. विचारत विचारत चालत जा. पूर्व भागात शिरलात तर मागाची खटखट आणि तेलुगू बोलणं कानावर पडेल. दारात बसलेल्या आजींना जरूर विचारा. रस्ता कळतोच, वर गल्लीची सगळी हकीकतही.
3. येताना दुसऱ्या रस्त्याने या.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वज (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्या) याच लिंगांची प्रदक्षिणा करतात, तेव्हाही मागोमाग चालता येतं. गर्दी असते, पण चुकवू नये असंच ते आहे.

उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊच्या आत घरी परता. सोलापूरचं ऊन सोसत नाही.