ओर डिपॉझिटवरचे (म्हणजे धातूखनिजांच्या साठ्यांवरचे) पेपर शोधायचे कसे, आपल्या मँगनीज पट्ट्याचं उदाहरण घेऊन

एमएस्सी जिऑलॉजीला डेझर्टेशनचा विषय हातात पडला की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर गूगलवर 'मँगनीज ओर डिपॉझिट्स इन इंडिया' टाकतात, वर येणाऱ्या चार-पाच साइट्स उघडतात, त्यात निम्म्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असतात, आणि मग 'सर, यावर फारसं मटेरियलच नाहीये' म्हणून गाइडसमोर उभे. मटेरियल ढीगभर आहे. फक्त इकॉनॉमिक जिऑलॉजीत ते एका ठिकाणी नसतं, थोडं जर्नलमध्ये, थोडं सरकारी रिपोर्टमध्ये, थोडं कुणाच्या तरी थिसिसमध्ये, आणि सगळ्यात कामाचं कधीकधी शंभर वर्षांपूर्वीच्या मेमॉयरमध्ये (सरकारी सर्वेक्षणाच्या जाड ग्रंथात) जे गूगलच्या पहिल्या पानावर कधीच येणार नाही. इथे मी नागपूर-भंडारा ते बालाघाट-छिंदवाडा हा मँगनीजचा पट्टा धरून सांगतो, म्हणजे सौसर ग्रुप, हे इथल्या खडकांच्या गटाचं नाव. एक तर तो आपल्या घरचा आहे आणि दुसरं म्हणजे शोधताना येणाऱ्या सगळ्या भानगडी याच्यात एकदम भेटतात.

पहिली गोष्ट, विषय शोधू नका, नावं शोधा. 'मँगनीज जेनेसिस' टाकलं तर जगभरचं येईल, दक्षिण आफ्रिकेपासून युक्रेनपर्यंत. त्याऐवजी चार प्रकारची नावं कागदावर लिहून काढा: खाणींची (डोंगरी बुजुर्ग, चिकला, मनसर, कांद्री, गुमगाव, तिरोडी, उकवा, बालाघाट), फॉर्मेशनची म्हणजे खडकांच्या थरांची (मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ, लोहांगी, सीतासावंगी), खडकाचं (गोंडाइट) आणि खनिजांची (ब्राउनाइट, बिक्सबाइट, हॉलंडाइट, जेकबसाइट, हॉसमनाइट). आता यातली दोन-दोन नावं जोडून, प्रत्येक अवतरण चिन्हात टाकून, गूगल स्कॉलरवर शोधा. 'गोंडाइट' आणि 'सौसर' एवढं एकत्र टाकलं तरी जे येतं ते जवळजवळ सगळं तुमच्याच पट्ट्यातलं असतं, कारण हे नाव फर्मोर या ब्रिटिश काळातल्या जिऑलॉजिस्टने इथल्याच खडकाला दिलं.

आता स्पेलिंगची कटकट. साहेबाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे मनसर कुठे 'मुनसर' आहे, छिंदवाड्यातला एक 'एच' जुन्या कागदात गायब असतो, डोंगरी बुजुर्गचं 'बुजर्ग' होतं, आणि नारायणस्वामींसारख्या ऑथरचं नाव कधी शेवटी 'आय' तर कधी 'वाय' लावून येतं. दोन्ही स्पेलिंग टाका आणि मध्ये कॅपिटलमध्ये 'ओआर' (OR) लिहा, लहान अक्षरात लिहिलं तर स्कॉलर ते साधा शब्द समजतं. खनिजांचंही तसंच. फर्मोरच्या काळातलं 'सितापाराइट' म्हणजे आजचं बिक्सबाइट, आणि 'व्रेडेनबर्गाइट' हे वेगळं खनिज नसून जेकबसाइट आणि हॉसमनाइट एकमेकांत गुंतलेले असतात. नुसत्या आजच्या नावाने शोधलंत तर जुनी सगळी मायक्रोस्कोपी हातातून निसटेल. जुनं नाव आजच्या भाषेत काय हे बघायला माइंडॅट ही साइट बेस्ट आहे, खनिजाचं नाव टाका, पर्यायी नावं आणि कुठे-कुठे सापडलं ती ठिकाणं दोन्ही दिसतात.

आणि राज्य-जिल्हा! यात तर भलेभले गंडतात. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, त्यामुळे त्याच वर्षी मेक्सिकोला भरलेल्या इंटरनॅशनल जिऑलॉजिकल काँग्रेसच्या मँगनीज सिम्पोझियममध्ये स्ट्रॅचेक आणि सहकाऱ्यांचा जो मोठा पेपर आहे त्याच्या शीर्षकात फक्त मध्य प्रदेश आहे, महाराष्ट्र हा शब्दच नाही, आणि आत आपलं नागपूर-भंडारा आहे. त्याआधीचं असेल तर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'. गोंदिया 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे गोंदियातल्या गावाचं जुनं साहित्य भंडाऱ्याखाली मिळणार. आणि सौसर गाव तर आता छिंदवाड्यातही नाही, 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. गोव्याच्या लोखंडावर काम करणाऱ्यांना तर अजून एक पायरी आहे, 1961 पूर्वीचं बरंच पोर्तुगीजमध्ये आहे, आणि डिचोली नाही तर 'बिचोलिम' टाकावं लागतं.

नावं झाली, आता साखळी. एक चांगला पेपर सापडला की त्याच्यावरून दोन्ही दिशांना जायचं. मागे जायचं म्हणजे त्याची रेफरन्स लिस्ट वाचायची, पुढे जायचं म्हणजे स्कॉलरवर त्याच्याखाली 'सायटेड बाय' दाबायचं, आणि त्या यादीतच पुन्हा शोधायची सोय असते, तिथे टिकमार्क करून 'सौसर' टाका. आपल्या पट्ट्यात मागे-मागे जात राहिलात तर साखळी साधारण अशी लागते: 1909 चं फर्मोरचं जीएसआय (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) मेमॉयर 37, मग 1936 ला वेस्टने देवलापारच्या भागातल्या नॅपबद्दल (एकावर एक सरकलेल्या खडकांच्या चादरींबद्दल) लिहिलेलं, मग वर सांगितलेलं 1956 चं, मग 1963 चं नारायणस्वामी आणि सहकाऱ्यांचं जीएसआयचं बुलेटिन ज्यात खाणवार वर्णन आहे, मग 1966 चा जादवपूरच्या सुप्रिय रॉय यांचा मोनोग्राफ, आणि तिथून पुढे मेटामॉर्फिझमवरचे (उष्णता-दाबाने खडक बदलण्यावरचे) आधुनिक पेपर, उदाहरणार्थ 1999 चा भौमिक आणि सहकाऱ्यांचा उत्तरेकडच्या ग्रॅन्युलाइटवरचा. ही पाच-सहा नावं ज्याला माहीत आहेत त्याला या पट्ट्यावरचं बाकीचं आपोआप सापडतं, कारण नंतरचा प्रत्येक जण यांच्यापैकी कुणाला तरी साइट करतोच.

फर्मोरचा तो ग्रंथ जाडजूड आहे, बघून घाबरू नका. जुन्या जीएसआय मेमॉयर आणि रेकॉर्ड्स इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेल्या आहेत, फुकट. पण वाचायची एक पद्धत ठेवा: निरीक्षण जुन्याकडून घ्या, अर्थ नव्याकडून. त्या माणसाने उघड्या खाणीत उभं राहून जे बघितलं ते खड्डे आता पाण्याने भरलेत किंवा डंपखाली गेलेत, तुम्हाला ते पुन्हा दिसणार नाही, त्यामुळे त्याची वर्णनं सोन्यासारखी आहेत. पण त्याची सगळी थिअरी उचलू नका. गोंडाइट म्हणजे मूळ मँगनीजयुक्त गाळाचं रूपांतर हे त्याचं म्हणणं टिकलं, मात्र आंध्रच्या बाजूच्या कोडुराइट या खडकाला त्याने अग्निजन्य मानलं होतं ते पुढच्या लोकांनी मान्य केलं नाही. व्हायवाला नेमकं हेच विचारतात.

जर्नलचं सांगायचं तर ओर डिपॉझिटसाठी तीन नावं आधी बघा. 'इकॉनॉमिक जिऑलॉजी' हे 1905 पासूनचं, सोसायटी ऑफ इकॉनॉमिक जिऑलॉजिस्ट्सचं. 'मिनरॅलियम डिपॉझिटा' युरोपातलं. आणि 'ओर जिऑलॉजी रिव्ह्यूज', जे आता ओपन अॅक्सेस आहे म्हणजे नवे पेपर थेट डाउनलोड होतात. भारतासाठी 'जर्नल ऑफ द जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया', बंगळुरूचं, 1959 पासून, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्या पट्ट्यावर काम करणाऱ्याने सुरुवात याच्यापासून करावी, परदेशी जर्नलपासून नाही. एक छोटी गंमत लक्षात ठेवा, एसईजी हे शॉर्ट नाव दोन संस्थांचं आहे, दुसरी जिओफिजिसिस्ट लोकांची आहे, तिथे जाऊन मँगनीज शोधत बसू नका.

पेवॉल आला, म्हणजे पैसे भरल्याशिवाय पेपर उघडत नसेल तर? आधी कॉलेज सरकारी आहे का बघा, 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, 30 मोठ्या प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स सरकारी विद्यापीठं आणि संस्थांना खुली आहेत, आणि कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं, लायब्ररीयनला विचारा लॉगिन कसं मिळतं. खासगी कॉलेजवाले यात बसत नाहीत, त्यांनी ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेन्शन टाकावं, कायदेशीर फुकट कॉपी कुठे असेल तर ते दाखवतं, किंवा स्कॉलरवर 'ऑल व्हर्जन्स' दाबून बघावं. तेही नाही झालं तर लेखकाला दोन ओळींची मेल करा. कुठल्या कॉलेजचे, काय काम करताय, कुठला पेपर हवाय, बस. 'रिस्पेक्टेड सर आय हॅव द ऑनर' छाप अर्ज नको.

थिसिससाठी शोधगंगा, भारतातल्या पीएचडी थिसिसची साइट. इथे सर्च जरा रुसकं आहे, त्यामुळे कीवर्डवर विसंबू नका, विद्यापीठ उघडा, मग जिऑलॉजी डिपार्टमेंट उघडा आणि यादी चाळा. नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव 2005 मध्ये मिळालं, दोन्ही नावांनी बघा. सागर, जादवपूर, आयआयटी खरगपूर हेही चाळायला हरकत नाही. थिसिसमधला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे दुसरं चॅप्टर, मागील कामाचा आढावा, कुणीतरी चार वर्षं घालून तुमच्यासाठीच यादी करून ठेवलेली असते. ती उचला, पण मूळ पेपर उघडून बघितल्याशिवाय साइट करू नका, एकाने वर्ष चुकवलं की पुढचे दहा जण तेच चुकीचं वर्ष लिहितात, हे फार दिसतं.

आता सरकारी कागद, ज्याकडे लोक बघतच नाहीत. जीएसआयच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन करा, जुने फील्ड सीझन रिपोर्ट मिळतात, यांनाच पेपरात 'अनपब्लिश्ड रिपोर्ट' म्हणून साइट केलेलं असतं आणि मुलं समजतात की ते मिळणारच नाहीत. नकाशांसाठी जीएसआयचं भूकोश पोर्टल, आणि एक्स्प्लोरेशन डेटासाठी डिसेंबर 2023 ला सुरू झालेली नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी. रिपोर्टच्या नावात जी-4, जी-3, जी-2, जी-1 दिसेल, जी-4 म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी आणि जी-1 म्हणजे सविस्तर शोध, तेव्हा जी-4 रिपोर्टातला साठ्याचा आकडा छातीठोक सांगू नका. आकडेवारीसाठी इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं (आयबीएमचं) इंडियन मिनरल्स इयरबुक, फुकट पीडीएफ, मँगनीज तिसऱ्या खंडात. आयबीएमचं मुख्यालय आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला, जीएसआयचं मध्य विभागाचं ऑफिस सेमिनरी हिल्सला, मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालयही नागपूरच. नागपूरचा विद्यार्थी असून इथल्या लायब्ररीत पाऊल न ठेवता डेझर्टेशन पूर्ण करणं म्हणजे नदीकाठी राहून टँकरचं पाणी पिणं. विभागप्रमुखाचं पत्र आणि आयकार्ड घेऊन जा, आणि काय हवंय त्याचं नाव, वर्ष, खंड लिहून न्या, 'मँगनीजवरचं काहीही द्या' म्हटलं तर तिथला माणूस तरी काय देणार.

आकडे घेताना दोन गोष्टी बघाच. एक, तारीख: नॅशनल मिनरल इन्व्हेंटरीचे साठे 1.4.2020 अशा ठराविक दिवसाचे असतात, ती तारीख आकड्यासोबत लिहा, आणि 'रिझर्व्ह' (आज काढणं परवडेल तो साठा) आणि 'रिसोर्स' (जमिनीत आहे, पण आज काढता येईलच असं नाही) एकत्र करू नका. दोन, एकक: अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था यूएसजीएस दरवर्षी मिनरल कमोडिटी समरीज काढतं, मँगनीजला दोन पानं असतात, छान आहे, पण त्यात देशवार आकडे धातूच्या प्रमाणात दिलेले असतात आणि आयबीएम ओरचं वजन देतं, मग दोन्ही टेबलं शेजारी ठेवून 'एवढा फरक कसा' म्हणून डोकं खाजवत बसायची वेळ येते. यूएसजीएसचंच 1986 चं बुलेटिन 1693, कॉक्स आणि सिंगर यांचं, तेही उतरवून घ्या, डिपॉझिट मॉडेल्सचं कोष्टक आहे, तुमचं डिपॉझिट कुठल्या प्रकारात बसतं हे ठरवायला आणि त्या प्रकाराचं इंग्रजी नाव धरून जगातली भावंडं शोधायला उपयोगी.

खाण कंपन्यांचे रिपोर्ट हाही मोठा साठा आहे, मात्र भारतापेक्षा बाहेरच्या डिपॉझिटसाठी. कॅनडात ब्रे-एक्स या खाण कंपनीचा सोन्याचा घोटाळा 1997 ला उघड झाल्यानंतर एनआय 43-101 नावाचा नियम आला, त्यामुळे तिथे शेअर बाजारात असलेल्या कंपनीला टेक्निकल रिपोर्ट जाहीर करावा लागतो, तो सेडार प्लस या साइटवर मिळतो. ड्रिलिंग, अॅसे (नमुन्यात धातू किती याची तपासणी), सेक्शन सगळं असतं. फक्त कंपनी शेअर विकतेय हे डोक्यात ठेवून वाचा, डेटा घ्या, पहिल्या पानावरचा उत्साह सोडून द्या.

शेवटचं, पहिल्याच दिवशी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे, पीडीएफ ओढून टाकली की नाव-वर्ष बऱ्याचदा स्वतःच भरतं, जुन्या स्कॅनला मात्र हाताने भरावं लागतं. प्रत्येक पेपरला खाणीच्या नावाचा टॅग लावा, म्हणजे चिकल्यावर लिहायला बसलात की चिकल्याचं सगळं एका क्लिकवर. आणि स्कॉलरवर 'गोंडाइट' आणि 'सौसर ग्रुप' असे दोन अलर्ट लावून ठेवा, काही नवीन आलं की मेल येईल. या पट्ट्यावर रोज काही छापलं जात नाही, त्यामुळे इनबॉक्स भरायची भीती नाही.